ख्रिस्ती शिष्यत्व : पाचारण आणि किंमत

येशू ख्रिस्ताला गुरू व प्रभू मानून त्याच्या मागे जाण्याचा आयुष्यभराचा संकल्प म्हणजे ख्रिस्ती शिष्यत्व. बाप्तिस्मा हा त्या संकल्पाचा जाहीर आरंभ मानला जातो. मात्र मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नोंदवहीत नाव असणारा प्रत्येक जण शिष्य असतोच असे कोणताही पाळक (मंडळीचा धर्मगुरू) म्हणत नाही. या संकल्पाचा विचार धर्मशास्त्रात दोन अंगांनी होतो : देवाकडून येणारे बोलावणे, म्हणजे पाचारण, आणि ते स्वीकारताना मोजावी लागणारी किंमत. नाशिक व आसपासच्या परिसरात या दोन्हींना एकोणिसाव्या शतकापासूनचा सामाजिक इतिहास असल्याने तात्त्विक विवेचनाबरोबर त्याचाही विचार येथे केला आहे.

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रग्रंथांत, बोलावण्याचा पुढाकार नेहमी येशूकडे असतो. गालील समुद्राच्या काठी शिमोन व आंद्रिया जाळी टाकीत असताना त्यांना हाक येते आणि ते जाळी सोडून निघतात. जकातीच्या नाक्यावर बसलेला लेवी तसाच उठतो. त्या काळी यहुदी समाजात शिकणाऱ्याने आपला गुरू निवडावा अशी सर्वसाधारण रीत होती, त्यामुळे हा क्रम उलटा आहे. किंमतीचा सर्वांत परखड उल्लेख लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात सापडतो. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहील आणि पाहणारे हसतील. दहा हजार सैनिकांनिशी वीस हजारांच्या फौजेला सामोरे जाणाऱ्या राजानेही तसाच आधी विचार करावा. त्याच उताऱ्यात आईबाप, पत्नी, मुले, भावंडे आणि स्वतःचा जीव यांचाही द्वेष केल्यावाचून कोणी शिष्य होऊ शकत नाही, असे वाक्य येते. मत्तयाच्या दहाव्या अध्यायातील समांतर वचनात ‘माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा’ असा सौम्य शब्दप्रयोग असल्यामुळे भाष्यकार येथे द्वेषाचा अर्थ प्राधान्यक्रम असा लावतात. तो अर्थ योग्यच आहे. तरीही मूळ वाक्याची धार त्याने पुरती जात नाही, आणि कुटुंब हेच ज्या समाजात माणसाचे सर्वस्व असते तेथे ती जाऊही नये.

पुढील काळात या वचनांचा अर्थ निरनिराळ्या प्रकारे लावला गेला. इजिप्तमधील संत अँथनी यांनी तिसऱ्या शतकात, ‘आपले असेल नसेल ते विकून दरिद्र्यांना दे’ हे वचन चर्चमध्ये ऐकून घरदार सोडले, आणि त्यातून मठवासी परंपरेला बळ मिळाले. मार्टिन ल्यूथर यांनी पाचारण मठापुरते न ठेवता चांभाराच्या, गृहिणीच्या व न्यायाधीशाच्या रोजच्या कामात आणले. विसाव्या शतकात डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने पश्चात्तापावाचून मिळणाऱ्या ‘स्वस्त कृपे’वर कडक टीका केली, नाझी राजवटीने त्यांना 9 एप्रिल 1945 रोजी फाशी दिले.

नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेचे काम 1832 मध्ये सुरू झाले. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्याला जातीबाहेर टाकले जाई; घर, पाणवठा आणि धंदा एकदमच तुटे. वारसाहक्क गमावण्याची भीती 1850 च्या जाती-अपात्रता निवारण कायद्याने कागदावर तरी दूर केली, पण गावाने दुरावलेल्या माणसाला कायदा ना मजुरी देई ना पाणी. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1850 च्या दशकात शहराबाहेर वसवलेले शरणपूर हे या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर होते. तेथे नवख्रिस्ती कुटुंबांना राहण्यास जागा मिळे, तसेच अनाथालय आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकवणारी शाळा होती. आज शरणपूर रोड हा शहराच्या मध्यवस्तीतला गजबजलेला रस्ता आहे आणि तेथून जाणाऱ्या बहुतेकांना नावामागचा हा संदर्भ ठाऊक नसतो. या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. शिष्यत्वाची किंमत मिशनने भरून दिली की शिष्य मिशनचा आश्रित होतो, आणि तो पोटासाठी बाटला असे म्हणायला समाज मोकळा होतो. मराठी ख्रिस्ती समाजाला हा आरोप पुढे अनेक दशके ऐकावा लागला.

अरबी गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी गुलाम मुलांनाही शरणपूरला आणले जाई. आफ्रिकेचे संशोधक व मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तेथील अखेरच्या प्रवासात या शाळेतील तरुण सहभागी होते. त्यांपैकी जेकब वेनराइट यांनी 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूनंतर दफनविधीची प्रार्थना वाचली, मृतदेहासह किनाऱ्यापर्यंतचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास केला आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीला ते हजर राहिले. पुढे प्राइस यांनी पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसवले, तेव्हा नाशिकला शिकलेले अनेक जण तेथे धर्मोपदेशक व कारागीर म्हणून गेले. लहानपणीच कुटुंब हिरावले गेलेल्या या मुलांच्या बाबतीत ‘सर्व सोडून मागे जाणे’ कितपत स्वेच्छेचे होते, हा प्रश्न मात्र मिशनच्या गौरवपर लेखनात क्वचितच विचारला गेला आहे.

किंमत नेमकी कोण मोजतो, याचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण कवी नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचे आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. टिळकांचे शिक्षण काही काळ नाशिकला झाले. 1893 मध्ये आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार (बायबलचा दुसरा भाग) वाचताना येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना खिळवून ठेवले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाचारण त्यांचे होते. पदरी लहान मूल घेऊन नातेवाइकांच्या आधाराने पंढरपुरास दिवस काढण्याची पाळी लक्ष्मीबाईंवर आली. धर्मांतरामुळे जोडीदार नांदण्यास तयार नसल्यास विवाह रद्द करून घेण्याची सोय 1866 च्या कायद्याने धर्मांतरिताला दिली होती. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे राहायला गेल्या, पण स्वयंपाकपाणी वेगळे ठेवून. जातिभेद माणसानेच निर्माण केला, असे स्वतःच्या विचाराने पटल्यावर त्यांनी तो टाकला आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आत्मचरित्रात ही सारी हकिकत विनोदाच्या अंगाने आली असली, तरी ताटातुटीच्या वर्षांवर त्यांनी पांघरूण घातलेले नाही.

टिळकांच्या चरित्रातून आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे ही किंमत एकदा देऊन संपत नाही. बाप्तिस्म्याला बावीस वर्षे उलटल्यावर, 1917 मध्ये, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचे पगारी काम सोडले, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी परदेशी संस्थेचा सभासद असण्याची गरज नाही आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही या दरबारात जागा असावी, ही त्यांची भूमिका होती. 1919 मध्ये ते निवर्तल्यामुळे प्रयोग अपुरा राहिला. पाचारण देवाचे आणि पगार मिशनचा, ही शरणपूरच्या काळापासूनची गाठ सोडवण्याचा त्याहून धाडसी प्रयत्न मराठी ख्रिस्ती समाजात दुसरा दाखवता येत नाही.

आज नाशिक परिसरात उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे प्रोटेस्टंट चर्च), रोमन कॅथलिक आणि इतर स्वतंत्र मंडळ्या आहेत. कॅथलिक धर्मप्रांत 1987 मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीत भरणाऱ्या यात्रेला अन्य धर्मांचे लोकही नवस बोलण्यासाठी येतात. भक्ती आणि शिष्यत्व यांतील फरक धर्मगुरूंना तेथे दरवर्षी नव्याने समजावून सांगावा लागतो. कॅथलिक बोलीत पाचारण म्हटले की अजूनही प्रथम धर्मगुरू वा धर्मभगिनी होणे मनात येते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बालपणी बाप्तिस्मा झालेली मुले दृढीकरणाच्या वर्गात शिकतात आणि बिशपांसमोर उभी राहून, आईबापांनी त्यांच्या वतीने दिलेली वचने स्वतःच्या तोंडाने देतात.

जातीबाहेर टाकण्याची जुनी शिक्षा आता विरळ झाली असली, तरी काही किंमत कायद्यातच राहिली आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी पंजाबातील काही शीख जाती वगळता फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये सर्व शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले, ख्रिस्ती झाले नाहीत. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित पार्श्वभूमीचा असल्यामुळे बाप्तिस्म्याचा निर्णय शिष्यवृत्ती, नोकरी आणि राखीव मतदारसंघ यांच्याशी जोडला जातो. काही कुटुंबे त्यामुळे उपासनेला नियमित येतात, मात्र कागदोपत्री धर्म बदलत नाहीत. असे करणे शिष्यत्वाशी सुसंगत आहे का, याबाबत पाळकांमध्ये एकमत नाही. विश्वासाची कबुली जाहीर असलीच पाहिजे असे काही जण मानतात, तर राज्याने लावलेला दंड गरिबाने चुकवला म्हणून त्याला मंडळीबाहेर ठेवता येणार नाही, असे इतरांचे म्हणणे आहे.