ऑनलाइन कोर्सची असाइनमेंट फाइल जमा करताना: कोणाला करता येते, काय तयार ठेवायचं आणि बटण कधी दाबायचं

फाइल अपलोड झाली म्हणजे असाइनमेंट जमा झाली असं खूप जणांना वाटतं आणि सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, म्हणून ही गोष्ट आधी सांगतो. मूडल म्हणजे कॉलेजं ऑनलाइन कोर्स चालवायला वापरतात ती सिस्टिम, तिच्यात बऱ्याच कोर्सला दोन पायऱ्या असतात. 'अ‍ॅड सबमिशन' दाबून फाइल टाकायची, 'सेव्ह चेंजेस' करायचं, आणि मग परत त्याच पानावर येऊन 'सबमिट असाइनमेंट' दाबायचं. हे शेवटचं बटण राहिलं तर स्टेटसच्या ओळीत 'ड्राफ्ट, नॉट सबमिटेड' असं लिहिलेलं राहतं. शिक्षकांना ड्राफ्ट दिसू शकतो, पण तो जमा झाला असं धरत नाहीत. तिथे 'सबमिटेड फॉर ग्रेडिंग' आलं की झालं. काही कोर्समध्ये शिक्षकांनी ही दुसरी पायरी बंद ठेवलेली असते, मग सेव्ह केल्या केल्या थेट जमा होतं, त्यामुळे मित्राच्या कोर्समध्ये कसं होतं ते विचारत बसू नका, आपल्या पानावरचं स्टेटस वाचा. गूगल क्लासरूममध्ये पण तसंच, फाइल जोडून पान बंद केलं तर काहीच गेलेलं नसतं, 'टर्न इन' दाबावंच लागतं.

आता पात्रतेचं. कोर्सला तुमचं नाव नोंदवलेलं पाहिजे आणि असाइनमेंट उघडलेली पाहिजे, एवढं तर आहेच. पण कधीकधी असाइनमेंट दिसते आणि आत जाता येत नाही, कुलूप दिसतं किंवा खाली 'नॉट अव्हेलेबल अनलेस' अशी ओळ असते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की आधीची क्विझ किंवा धडा पूर्ण करायचा राहिलाय. ती ओळ नीट वाचा, काय बाकी आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. ग्रुपची असाइनमेंट असेल तर सहसा एकाने जमा केलं की सगळ्यांच्या नावावर लागतं, पण काही ठिकाणी प्रत्येकाला वेगळं सबमिट दाबावं लागतं, आणि तुमचं नाव चुकीच्या ग्रुपमध्ये असेल तर फाइल भलत्याच ग्रुपला जाते. हे पहिल्या आठवड्यातच बघून घ्या, शेवटच्या दिवशी शिक्षक ऑनलाइन सापडतीलच असं नाही.

तारखांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. 'ड्यू डेट' गेली तरी मूडलमध्ये फाइल घेतली जाऊ शकते, फक्त त्यावर उशिरा आल्याचा शिक्का बसतो, मार्क कापायचे की नाही ते कोर्सच्या नियमावर. 'कट-ऑफ डेट' गेली की दार बंद, मग शिक्षकांनी मुदतवाढ दिली तरच. आणि वेळ बघताना एक फसगत नेहमी होते: शुक्रवार १२:०० एएम असं लिहिलं असेल तर ती गुरुवारची मध्यरात्र असते, म्हणजे शुक्रवारी सकाळी उठाल तेव्हा मुदत संपलेली असेल. कोर्स दुसऱ्या देशातला असेल तर प्रोफाइलमधला टाइम झोन पण तपासा, पानावर दिसणारी वेळ त्यावरूनच ठरते.

कागदपत्रं म्हणजे इथे फाइलच. असाइनमेंटच्या पानावर कोणते प्रकार चालतात, किती फाइल आणि प्रत्येकी किती एमबी हे दिलेलं असतं. प्रकार सांगितला नसेल तर पीडीएफ करा, कारण ती कुठल्याही मशीनवर तशीच दिसते, वर्डची फाइल दुसरीकडे उघडली की फॉन्ट आणि तक्ते हलतात. अ‍ॅपलच्या पेजेसमध्ये लिहिलं असेल तर एक्सपोर्ट करून पीडीएफ घ्या, समोरच्याला ती मूळ फाइल बहुतेक उघडणार नाही. नुसतं नावातलं एक्स्टेंशन (शेवटचं .pdf, .docx वगैरे) बदलून फाइल बदलत नाही, ती फक्त उघडायची बंद होते. पासवर्ड लावलेली पीडीएफ पण नको. फाइलच्या नावात आपलं नाव, रोल नंबर आणि असाइनमेंटचा नंबर टाका, 'फायनल नवीन २' अशा नावाने शिक्षकांना काही कळत नाही आणि तुमची तुम्हालाच चुकीची फाइल उचलली जाते.

हाताने लिहिलेलं असेल तर पानागणिक फोटो टाकू नका. फोनच्या स्कॅनरने सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घ्या, आयफोनच्या नोट्समध्ये आणि अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्ह अ‍ॅपमध्ये ही सोय आहे. पानं सरळ आणि क्रमाने लागलीत का हे बघा, साइज पण आटोक्यात राहते. आयफोनचे फोटो एचईआयसी फॉरमॅटमध्ये असतील तर काही सिस्टिम ते घेत नाहीत, तेव्हा सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीईजी येतात. टर्निटिन (मजकूर कुठून उचललाय का ते तपासून रिपोर्ट देणारं सॉफ्टवेअर) लावलेलं असेल तर आणखी एक लक्षात ठेवा, त्याला सिलेक्ट करता येईल असा मजकूर लागतो, नुसत्या फोटोंची पीडीएफ तिथे चालत नाही. आणि पुन्हापुन्हा फाइल बदलत राहिलात तर साधारण तिसऱ्या बदलानंतर नवीन रिपोर्ट यायला २४ तास लागतात, त्यामुळे रिपोर्ट बघून सुधारायचं असेल तर दोनेक दिवस हाताशी ठेवा.

सबमिट दाबताना काही ठिकाणी 'हे काम माझं स्वतःचं आहे' अशी चौकट येते. तिच्यावर टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते तुमचं लेखी म्हणणं धरलं जातं, म्हणून कुठून काय घेतलं त्याचा उल्लेख आत केलेला असू द्या.

जमा झाल्यावर दोन मिनिटं थांबा. सबमिशनच्या पानावरूनच ती फाइल परत डाउनलोड करा आणि उघडून शेवटच्या पानापर्यंत जा. रिकामी फाइल, अर्धवट वर्जन, शेजारच्या विषयाची असाइनमेंट, हे सगळं इथे सापडतं आणि तेव्हा अजून दुरुस्त करता येतं. तारीख, वेळ आणि स्टेटस दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, कन्फर्मेशनचा ईमेल आला असेल तर तो डिलीट करू नका.

चुकीची फाइल गेलीच तर काय होईल ते सिस्टिमवर आहे. मूडलमध्ये एकदा 'सबमिट असाइनमेंट' दाबून जमा झालं की बहुतेक वेळा स्वतःला बदलता येत नाही, शिक्षकांना सबमिशन परत ड्राफ्टमध्ये आणायला सांगावं लागतं. कॅनव्हास या मूडलसारख्याच दुसऱ्या सिस्टिममध्ये शिक्षकांनी परवानगी दिली असेल तर पुन्हा जमा करता येतं, पण मुदत संपल्यावर केलेल्या नव्या फाइलवर 'लेट' लागतं. क्लासरूममध्ये 'अनसबमिट' करून बदल करता येतो, मात्र परत 'टर्न इन' करायला विसरू नका आणि ड्यू डेटनंतर हे केलं तर ते उशिराचंच धरलं जातं.

आणि ऐन वेळी सिस्टिमच अडली, अपलोडची पट्टी मधेच थांबली, तर मुदत संपायच्या आत शिक्षकांना ईमेल करा, सोबत फाइल आणि एररचा स्क्रीनशॉट जोडा, कोर्सचं नाव आणि असाइनमेंटचा नंबर विषयात लिहा. मुदतीनंतर पाठवलेल्या ईमेलपेक्षा मुदतीआधी, फाइलसकट पाठवलेल्या ईमेलकडे शिक्षक जास्त समजून घेऊन बघतात. आजारपण वगैरे कारण असेल तर मुदतवाढ तारीख जायच्या आधीच मागा, मूडलमध्ये ती एकट्या विद्यार्थ्यालाही देता येते, आणि मिळाली की नवी तारीख तुमच्या असाइनमेंटच्या पानावर दिसते का ते बघून घ्या.