साउंडबॉम्बिंग आणि लिरिसिस्ट लाउंज: रॉकसचे दोन कॉम्पिलेशन, सेम नाहीत

नव्वदीतलं न्यूयॉर्कचं अंडरग्राउंड हिप हॉप ऐकायला सुरुवात केली की हे दोन कॉम्पिलेशन (म्हणजे अनेक कलाकारांची गाणी एकत्र केलेले अल्बम) हमखास एकमेकांत मिसळतात, आणि त्यात ऐकणाऱ्याची चूक नाही, कारण लेबल एकच (रॉकस रेकॉर्ड्स, लोगोत रेझर ब्लेड असलेलं), काळ तोच आणि रॅपर मॉस डेफ दोन्हीकडे हजर.

साउंडबॉम्बिंग म्हणजे मुळात डीजेचा अल्बम. रॉकसने जे बारा इंची सिंगल्स (एकेका गाण्याच्या रेकॉर्ड्स) काढले होते ते आणि थोडा नवा माल घेऊन डीजेने सलग मिक्स केलेला. पहिला 1997 चा, मिक्स ब्लॅक मून या ग्रुपमधल्या डीजे ईव्हिल डीचा. दुसरा 1999 चा, आणि लेबल न्यूयॉर्कचं असून मिक्स केलाय लॉस एंजेलिसच्या बीट जंकीज या डीजे ग्रुपमधल्या जे-रॉक आणि बाबूने (हो, बाबूच). यात एक गाणं संपतंय असं वाटेपर्यंत दुसऱ्याचा बीट खालून वर आलेला असतो, मध्येच स्क्रॅच येतो, म्हणून शफलवर लावला तर सगळी मजा जाते, तुटक तुटक वाटतं आणि मग लोक म्हणतात काय एवढं यात. एमिनेमचा ट्रॅकही याच दुसऱ्या भागात आहे, त्याचा ‘स्लिम शेडी एलपी’ हा अल्बम आला त्याच वर्षी.

लिरिसिस्ट लाउंज मात्र आधी अल्बम नव्हताच. 1991 पासून डॅनी कॅस्ट्रो आणि अँथनी मार्शल न्यूयॉर्कमध्ये ओपन माइक (कुणीही येऊन रॅप करायचं अशा रात्री) भरवायचे, ज्यांना कुठल्या लेबलने साइन केलेलं नाही अशी पोरं यायची, माइक हातात घ्यायची, पब्लिकला पटलं तर ठीक नाहीतर उतरा खाली. रॉकसने 1998 मध्ये त्याच नावाने डबल सीडी काढली, होस्ट म्हणून डे ला सोल हा रॅप ग्रुप. म्हणजे इथे डीजे मागे आणि रॅपर पुढे. यातलं बॉडी रॉक हे गाणं ऐका, मॉस डेफ, क्यू-टिप आणि टॅश, तिघांचा आवाज वेगळा, फ्लो (शब्द बीटवर बसवायची लय) वेगळा, माइक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातोय हे नुसतं ऐकून कळतं. पण डबल सीडी जरा लांबतेच, सगळंच भारी नाहीये, ओपन माइकच्या रात्री पण सगळे थोडेच भारी असतात.

गोंधळ वाढवला तो 2000 च्या लिरिसिस्ट लाउंज 2 ने. त्यात मॉस डेफ, फॅरो मंच आणि नेट डॉगचं ओह नो हे गाणं आहे, बीट रॉकवाइल्डरचा, एकदम रेडिओवर वाजेल असं, म्हणजे ओपन माइकचा घाम वगैरे बराच कमी झालेला. मला गाणं आवडतं, पण पहिल्या भागाचा फील हवा असेल तर तिथे शोधू नका.

आणि ‘इंडिपेंडंट’ म्हणतात तेही थोडं समजून घ्या, रॉकसमध्ये पैसा मीडियासम्राट रूपर्ट मर्डॉकच्या मुलाचा, जेम्स मर्डॉकचा पण होता. त्याच लेबलवर 1997 मध्ये अल्बम काढणारा रॅप ग्रुप कंपनी फ्लो, ते इंडिपेंडंटपणाचा झेंडा सगळ्यात जोरात फडकवायचे, आणि त्यांच्यातल्या एल-पी नावाच्या रॅपरने पुढे डेफिनिटिव्ह जक्स हे स्वतःचं लेबल काढलं.

नवीन असाल तर आधी साउंडबॉम्बिंग 2 लावा, पहिल्या ट्रॅकपासून, शफल बंद करून. लाउंजचा पहिला भाग मग निवांत, एका वेळी एकच सीडी.