बिल्ला घासून आणू नका

"काकाजी, हा बिल्ला ओरिजनल आहे का?" आमच्या दुकानात फ्रेमच्या भावापेक्षा हाच प्रश्न जास्त येतो. पुलगावला दारूगोळ्याचा डेपो, तिकडे कामठीला गार्ड्स पलटणीचं सेंटर. आपल्या भागात गावोगावी फौजी आहेत, तेव्हा पेटी उघडली की पलटणीचे बिल्ले निघणारच. दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून हा कागद छापला.

आधी एकच विनंती. आणण्याआधी घासू नका. चिंच नको, राख नको, भांड्यांची पावडर तर मुळीच नको. चकचकीत केला की भाव वाढेल असं वाटतं. होतं उलटंच, कारण आम्ही बघतो तो मळच. वापरलेला बिल्ला उंच भागावर झिजतो, सिंहाच्या नाकावर, बिगुलाच्या कडेला, आणि खाचांत काळा राहतो. ॲसिडात बुडवून म्हातारा केलेला सगळीकडे सारखाच काळा असतो, पाठीमागच्या कडीच्या बुडाशीसुद्धा. तुम्ही घासलात की दोन्ही सारखेच पिवळे. मग पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस जातो आणि तरी छातीठोक सांगता येत नाही.

मागे एक ताई पणजोबांचं पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक घेऊन आल्या. या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घरचे लोक दर पंधरा ऑगस्टला ते राखेनं उजळायचे. भिंगाखाली नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी दिसली. पदक खरं होतं, पण कोणाचं ते आता पदक सांगत नाही.

आता पाठ बघा. ठशावर दाबून काढलेल्या पातळ बिल्ल्याच्या मागे पुढच्या नक्षीचा उलटा खोलगट उठाव दिसतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, जाड, बारीक भोकांची, कडेला कानस फिरवल्याच्या खुणा. कड्या डगडगीत आणि भोवती राखाडी सोल्डरचा गोळा असेल, तर नंतर कोणीतरी हात घातलाय. लोहचुंबक चिकटलं तर पितळ नाही, एवढं घरीच कळेल. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना म्हणूनच पाठीचाही पाठवा. लोक हटकून पुढचाच पाठवतात.

इंग्रजी काळच्या बिल्ल्यावरच्या मुकुटावर नकली माल हमखास अडकतो. मराठा पलटणीच्या तेव्हाच्या बिल्ल्यावर बिगुल आणि त्यावर मुकुट. मराठा पलटणीला '५वी मराठा लाइट इन्फन्ट्री' हे नाव १९२२ साली मिळालं. तेव्हापासून स्वातंत्र्यापर्यंत इंग्लंडच्या गादीवर राजेच होते, आणि राजांचा मुकुट घुमटासारखा गोल. दोन खांदे वर आणि मधे खळगा असलेला मुकुट राणी एलिझाबेथचा. ती गादीवर आली १९५२ साली, आपण प्रजासत्ताक झालो १९५० साली. तेव्हा बिगुलावर खळग्याचा मुकुट दिसला, तर विकणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त मागणी महार रेजिमेंटच्या जुन्या बिल्ल्याला. रेजिमेंट उभी राहिली १९४१ साली, बेळगावला. सुरुवातीला बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्याला आडव्या-तिडव्या दोन विकर्स मशीनगन जोडल्या, आणि नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. स्तंभवाला म्हणून आमच्याकडे येतो त्यातला बराच माल ओतीव असतो. लोक भावनेनं घेतात, विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. घ्यायच्या आधी दाखवा. छावणीबाहेरच्या दुकानातला नवा खंजीरवाला मात्र नकली नाही, जवान तोच लावतात. तो 'आजोबांचा' म्हणून विकला तरच फसवणूक.

तपासणीचे १०० रुपये घेतो, त्यावर काही जण नाराज होतात. भिंग लावून बसायला वेळ जातो हो. शिवाय 'नकली आहे' सांगितल्यावर रागही आम्हीच खातो. आमच्याकडेच फ्रेम केलीत तर हे १०० वळते करतो. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुराणवस्तू ठरते. तिच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, तो आमच्याकडे नाही. अशी वस्तू आम्ही बघून देऊ, मखमलीवर बसवून देऊ, विकत घेणार नाही.

आणताना सुती फडक्यात गुंडाळा. रबर लावू नका, चांदी काळी पडते. सोमवारी दुकान बंद.