सीमा ओलांडली, हे ठरवायचं कसं? सान इसिद्रोच्या फुटेजचा धडधडीत चकवा

कॅलिफोर्नियातल्या फॉलब्रुक गावातून 4 फेब्रुवारी 2010 रोजी आई-वडील आणि दोन लहान मुलं असं चौघांचं कुटुंब बेपत्ता झालं. चार दिवसांनी त्यांची गाडी मेक्सिकोच्या सीमेला खेटून असलेल्या सान इसिद्रोच्या एका पार्किंगमधून टो केली गेली. घरच्या कॉम्प्युटरवर, मुलांना मेक्सिकोला नेताना कोणती कागदपत्रं लागतात, असा सर्च सापडला. त्यात भर म्हणजे, गाडी टो झाली त्याच संध्याकाळच्या सीमेवरच्या फुटेजमध्ये दोन मोठी आणि दोन छोटी माणसं पायी मेक्सिकोत शिरताना दिसली.

हौशी शोधकांनी या फुटेजचा वर्षानुवर्षं कीस काढला. टोपी, जॅकेट, चालण्याची ढब, काही सोडलं नाही. एप्रिल 2013 मध्ये तपास यंत्रणेनेही कुटुंब स्वखुशीने मेक्सिकोत गेलं असावं, असं जाहीर केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चौघांचे अवशेष व्हिक्टरव्हिलजवळच्या वाळवंटात पुरलेले सापडले. फॉलब्रुकपासून ही जागा सरळ रेषेत सुमारे 130 किलोमीटर उत्तरेला आहे. सीमा दक्षिणेला. वडिलांच्या व्यवसायातला एक सहकारी 2019 मध्ये या खुनांसाठी दोषी ठरला.

मग त्या फुटेजने नेमकं काय सांगितलं होतं? फार थोडं. ते का, हे पिक्सेलमध्ये मोजता येतं.

समजा, 170 सेंटिमीटर उंचीचा माणूस पडद्यावर 60 पिक्सेल उंच दिसतोय. म्हणजे एका पिक्सेलमागे जवळपास 2.8 सेंटिमीटर. डोक्याचा वरचा काठ नक्की कुठे संपतो आणि बुटाची टाच कुठे टेकते, यात दोन्हीकडे एकेका पिक्सेलची चूक धरली तरी साडेपाच सेंटिमीटर गेले. चालताना डोकं दर पावलाला चार-पाच सेंटिमीटर खालीवर होतं. बुटाचा तळ दोन-तीन सेंटिमीटर, टोपी असेल तर तीही. थोडक्यात, 165 आणि 173 सेंटिमीटरची माणसं अशा चित्रात वेगळी काढता येत नाहीत. चेहऱ्याचं तर विचारूच नका. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण 6.3 सेंटिमीटर असतं, म्हणजे या चित्रात जेमतेम दोन पिक्सेल. पासपोर्टच्या फोटोसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हेच अंतर किमान 90 पिक्सेल लागतं. एआयने फोटो ‘स्पष्ट’ करून घेतला की नाक-डोळे दिसू लागतात खरे, पण ते सॉफ्टवेअरने शिकलेल्या इतर हजारो चेहऱ्यांवरून रचलेले असतात. मूळ कॅमेऱ्याने ते टिपलेलेच नव्हते.

उंची गंभीरपणे मोजायची असेल तर त्याच कॅमेऱ्याखाली, माणसाचं पाऊल जिथे पडलं होतं त्याच जागी, खुणा केलेला खांब उभा करून नवं फुटेज घेतात आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवतात. मधल्या काळात कॅमेरा जरा जरी हलला असेल किंवा लेन्स बदलली असेल, तर ही सगळी मेहनत पाण्यात. रेकॉर्डरचं घड्याळही आधी तपासावं लागतं, कारण ते काही मिनिटं पुढेमागे असणं नेहमीचंच. भारतातून पाहणाऱ्याने तर तारखेकडेही लक्ष द्यावं: कॅलिफोर्नियात फेब्रुवारीत संध्याकाळचे 7 वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ झालेले असतात.

पिक्सेलपेक्षा मोठा सापळा गणिताचा आहे. सान इसिद्रोहून रोज सुमारे 20,000 माणसं पायी अमेरिकेत येतात. उलट दिशेनेही तेवढीच जातात असं धरा आणि त्यातला फक्त शंभरातला एक माणूस ‘आई, बाबा, दोन लहान मुलं’ अशा कुटुंबातला आहे असं माना. म्हणजे दिवसाला 200 माणसं, अर्थात अशी 50 कुटुंबं. दिवसभराचं फुटेज घेऊन चौघांचं कुटुंब शोधायला बसलात तर ते मिळणारच! हवेत ते तपशील, जे या कुटुंबाला लागू पडतात आणि उरलेल्या 49 ना पडत नाहीत. गुलाबी जॅकेट त्यात मोडत नाही.

सीमेवरच्या नोंदींबद्दलही असाच गैरसमज असतो. देश सोडला की कुठेतरी शिक्का बसतोच, असं विमानप्रवासाच्या सवयीने आपल्याला वाटतं. 2010 मध्ये सान इसिद्रोचं फिरतं फाटक ढकललं की पायी जाणारा माणूस मेक्सिकोत पोहोचत असे. अमेरिका जाताना नोंद घेत नव्हती आणि मेक्सिको पादचाऱ्यांचे पासपोर्ट सरसकट पाहत नव्हता. परत येताना मात्र जून 2009 पासून अमेरिकन प्रौढांना पासपोर्ट किंवा त्यासारखं कार्ड दाखवावं लागत होतं. त्यामुळे ‘परतल्याची नोंद नाही’ याचे दोन अर्थ निघतात: माणूस तिकडेच राहिला, किंवा तो कधी गेलाच नव्हता. शोधणाऱ्यांना बहुधा पहिलाच सुचतो.

आपल्या जवळचं उदाहरण नेपाळचं. सोनौलीच्या कमानीखालून भारतीय माणूस व्हिसाशिवाय पलीकडे जातो, पासपोर्टवर शिक्का बसत नाही. युरोपात शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी ठेवत नसलेल्या देशांच्या, आत पॅरिसहून बार्सिलोनाला रेल्वेने गेलात तरी तेच. क्षेत्राच्या बाहेरच्या सीमेवर मात्र 12 ऑक्टोबर 2025 पासून आपल्यासारख्या परदेशी प्रवाशांचा फोटो आणि बोटांचे ठसे टप्प्याटप्प्याने घेतले जाऊ लागले.

गाडी सीमेजवळ सापडली, यावरून फक्त गाडी तिथे पोहोचल्याचं कळतं. ती कुणी चालवली, हा निराळा प्रश्न. फॉलब्रुकच्या कुटुंबाच्या खटल्यात सरकार पक्षाने आरोपी सहकाऱ्याचा डीएनए त्यांच्या गाडीच्या स्टीअरिंगवर आणि गिअरवर सापडल्याचं मांडलं. 6 फेब्रुवारीला त्याचा फोन वाळवंटाकडच्या टॉवरला लागल्याचंही दाखवलं. टॉवरची नोंद म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. एक अँटेना साधारण 120 अंशांचा पट्टा सांभाळते आणि उघड्या माळावर तो कित्येक किलोमीटर पसरतो. सीमेलगत तर फोन अलीकडे असताना पलीकडच्या देशाचं नेटवर्क पकडतो.

हौशी लोकांचा उपयोग होतो तो वेगळ्या ठिकाणी, आणि ते काम कंटाळवाणं आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या ‘नेमअस’ या डेटाबेसमध्ये बेपत्ता माणसं आणि ओळख न पटलेले मृतदेह यांच्या नोंदी कुणालाही पाहता येतात. केंटकीत 1968 मध्ये सापडलेल्या, ‘टेंट गर्ल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या तरुणीची ओळख 1998 मध्ये अशाच एका हौशी शोधकामुळे पटली. तुलना करताना आधी तारखा पाहायच्या, कारण बेपत्ता होण्याआधीच सापडलेला मृतदेह त्या माणसाचा असूच शकत नाही. मग उंचीचा पल्ला, दातांवरचं काम, जुनी फ्रॅक्चर, हाडात बसवलेली पट्टी. कपड्यांना शेवटी. कोणाची शक्यता आधीच फेटाळली गेली आहे, ती यादीही तिथेच असते. ती न पाहता पाठवलेली टीप म्हणजे तपास अधिकाऱ्याला जुनंच काम पुन्हा. जुळणारं काही सापडलंच, तर नोंदीचे दोन्ही क्रमांक आणि जुळणारे-न जुळणारे मुद्दे लिहून नोंदीत दिलेल्या तपास यंत्रणेला कळवायचे. नातेवाइकांच्या इनबॉक्समध्ये फोटो टाकायचे नाहीत आणि संशयिताचं नाव चारचौघांत लिहायचं नाही.