टरक्वॉइज किलीफिश (नोथोब्रँकियस फुर्झेरी)

आग्नेय झिंबाब्वे आणि दक्षिण मोझांबिक येथील पावसाळी डबक्यांत राहणारा गोड्या पाण्यातील लहान मासा. लांबी सुमारे ६ सेंमी. नराचे खवले निळसर हिरवे, शेपटी लाल किंवा पिवळी. मादी फिकट करडी. झिंबाब्वेतील गोनारेझू येथून १९६८ मध्ये पकडलेल्या माशांवरून १९७१ मध्ये या जातीचे वर्णन झाले.

कोरड्या सव्हानातील ही डबकी उथळ, गढूळ आणि बहुधा नदीपासून तुटलेली असतात. पाणी काही आठवडे, फार तर काही महिने टिकते. ते आटले की सारे मासे मरतात आणि पुढची पिढी तळच्या चिखलात अंड्यांच्या रूपाने उरते. म्हणून या माशाचा अधिवास सांगताना पाण्याइतकेच मातीला महत्त्व द्यावे लागते. काळी, फुगणारी चिकणमाती असलेल्या डबक्यांतच तो प्रामुख्याने सापडतो. महाराष्ट्रातील रेगूर याच प्रकारची माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तशाच तिथेही पडतात.

सुमारे १ मिमीच्या अंड्यातील गर्भ वाढीच्या तीन टप्प्यांवर थांबू शकतो. सगळी अंडी एकाच वेळी जागी होत नाहीत, हे फार मोलाचे आहे: अवेळी सरीने डबके भरून लगेच आटले, तरी काही अंडी शिल्लक राहतात. बाहेर आलेले पिल्लू निसर्गात अवघ्या दोन आठवड्यांतही प्रजननक्षम होऊ शकते. गोनारेझूचा वाण टाकीतही काही महिन्यांतच म्हातारा होतो. त्यामुळे वार्धक्याच्या अभ्यासात हा मासा वापरतात. २०१५ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला.

पाळताना टाकीत बारीक वाळूचा पसरट डबा ठेवतात. जोडी त्यात अंडी घालते. वाळू चाळून अंडी वेगळी करतात आणि ओलसर पीट (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा भुसा) किंवा कोकोपीटमध्ये २४ ते २८ अंश सेल्सिअसला ठेवतात. पीट मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकू नये. जास्त ओलाव्याने बुरशी धरते, कोरडे पडल्यास अंडी चेपतात. काही आठवड्यांनी अंड्यात सोनेरी कडेचे डोळे स्पष्ट दिसले की थंडसर पाणी ओततात. बरीच पिल्ले काही तासांत अंड्यांतून बाहेर येतात. त्यांना आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारखा बारीक जीव) ताजी पिल्ले देतात. घाईने भिजवल्यास किंवा फार उशीर झाल्यास काही पिल्लांच्या वाताशयात (तरंगण्यास मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीत) हवा भरत नाही आणि ती तळाशी सरपटत राहतात. अशी पिल्ले सहसा सुधारत नाहीत. न फुटलेली अंडी टाकू नयेत: पीट पुन्हा निथळून ठेवावे आणि काही आठवड्यांनी परत भिजवावे.