केमो पोर्ट आणि पिक लाईन: आत सारख्या, बाहेर वेगळ्या

नागपुरात केमोथेरपी घेणाऱ्यांना दोन-चार सलाईननंतर ‘आता नस सापडत नाही’ हे वाक्य ऐकावे लागते आणि मग औषध शिरेत सोडण्यासाठी कोणी पोर्ट सुचवते, कोणी पिक लाईन. दोन्हींच्या नळीचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतच पोहोचते, म्हणून अनेक जण त्यांना एकच समजतात. खरा फरक शरीराबाहेर काय उरते, याचा आहे.

पिक लाईन दंडाच्या शिरेतून, तेवढा भाग बधिर करून, सोनोग्राफीत पाहत आत सरकवतात. तिचे दुसरे टोक दंडावर बाहेर राहते आणि उपचार संपल्यावर ती सहसा नुसती ओढून काढता येते. पोर्ट म्हणजे छातीच्या वरच्या भागात कातडीखाली बसवलेली छोटी डबी. तिच्यासाठी बसवताना आणि काढताना छोटी शस्त्रक्रिया लागते, केमोच्या दिवशी तिच्यात खास हुबर सुई टोचतात आणि ती सुई निघाली की बाहेर काहीच उरत नाही.

बसवण्यापुरता विचार केला तर पिक लाईन सोपी आहे आणि सहसा स्वस्तही पडते. माझ्या मते मात्र हिशेब दोन केमोंमधल्या दिवसांचा करावा. पिक लाईनचे ड्रेसिंग साधारणपणे दर आठवड्याला बदलावे लागते, आंघोळीला दंड गुंडाळावा लागतो, आणि पारा ४५ अंशांकडे सरकतो त्या मे महिन्यात घामाने ड्रेसिंगच्या कडा सुटू लागतात (कूलरची दमट हवा त्यात भरच घालते). गडचिरोलीकडून येणाऱ्या रुग्णाला गावाजवळ प्रशिक्षित परिचारिका मिळाली नाही, तर याच कामासाठी दर आठवड्याला नागपूर गाठावे लागते. वापरात नसलेला पोर्ट महिन्यातून एकदा सुईने द्रव सोडून आतून धुतला तरी चालतो. काही रुग्णालये हे अंतर तीन महिन्यांपर्यंत नेतात.

२०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘कावा’ चाचणीत या दोन्हींच्या थेट तुलनेत पिक लाईनच्या ४७ टक्के, तर पोर्टच्या ३२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. म्हणजे पोर्टही निर्धोक नाही: जंतुसंसर्ग आणि रक्ताची गुठळी दोन्हींत संभवते, त्यामुळे १००.४ अंश फॅरनहाइट ताप किंवा थंडी वाजणे दिसताच त्याच रात्री रुग्णालयाला कळवावे.

उपचार थोडक्या फेऱ्यांचा असेल आणि शिरा चांगल्या असतील, तर कदाचित दोन्हींची गरज नसते. तरीही औषध कोणते, हे आधी विचारावे. लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन हाताच्या शिरेबाहेर गळले तर भोवतालची कातडी आणि ऊती जाळते. स्तनाच्या कर्करोगात पोर्ट सहसा कर्करोग नसलेल्या बाजूला बसवतात. शिवाय सीटी स्कॅनचे औषध दाबाने सोडण्यासाठी प्रत्येक पोर्ट चालत नाही, म्हणून बसवण्याआधी तेही विचारावे आणि पोर्टसोबत मिळालेले त्याच्या माहितीचे कार्ड स्कॅनला जाताना सोबत न्यावे.