वाहनांतील थर्मिस्टर

थर्मिस्टर हा तापमानाबरोबर विद्युतरोध बदलणारा अर्धसंवाहक घटक आहे. मोटारी, ट्रक, दुचाकी आणि विद्युत वाहने यांत तापमान जाणून घेण्यासाठी मुख्यतः हाच वापरतात. गॅरेजमध्ये त्याला थर्मिस्टर क्वचितच म्हणतात. तिथे तो ‘टेंपरेचर सेन्सर’ असतो. पितळी किंवा प्लॅस्टिकच्या बोंडात बसवलेला डाळीएवढा सिरॅमिकचा तुकडा आणि त्यातून निघालेल्या दोन तारा, एवढाच त्याचा संसार.

तापमान वाढले की रोध घटतो, तो ऋण गुणांकाचा थर्मिस्टर (एनटीसी). मँगॅनीज, निकेल, कोबाल्ट, तांबे अशा धातूंच्या ऑक्साइडांची भुकटी दाबून, भाजून तो बनवतात. तापवल्यावर रोध घटण्याचा हा गुण मायकेल फॅराडे यांनी 1833 मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. व्यापारी उपयोगाचा थर्मिस्टर मात्र 1930 च्या सुमारास सॅम्युअल रूबेन यांच्यामुळे आला. दुसरा प्रकार धन गुणांकाचा (पीटीसी). बेरियम टायटॅनेटपासून बनलेल्या या प्रकारात ठरावीक तापमानानंतर रोध एकदम उसळतो. त्यामुळे मोजण्यापेक्षा राखणदारीसाठी तो जास्त कामाचा: काच वर-खाली करणाऱ्या मोटरचे जळण्यापासून रक्षण करायला, किंवा विद्युत मोटारीच्या हीटरमध्ये, जिथे तो गरम झाला की स्वतःच प्रवाह कमी करतो.

इंजिनाच्या संगणकाला (ईसीयू) तापमान थेट कळत नाही, त्याला फक्त व्होल्ट दिसतात. ईसीयूमधून 5 व्होल्ट एका स्थिर रोधातून थर्मिस्टरपर्यंत जातात आणि दोघांमधल्या बिंदूवरचा विद्युतदाब (व्होल्ट) मोजला जातो. युरोपीय धाटणीच्या एका प्रचलित कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) सेन्सरचा रोध 20 अंश सेल्सिअसला सुमारे 2,500 ओहम, 80 अंशांना सुमारे 320 आणि 100 अंशांना 190 च्या आसपास असतो. ईसीयूमधला स्थिर रोध 2,500 ओहम धरला, तर सकाळी थंड इंजिनावर अडीच व्होल्ट दिसतील आणि इंजिन तापल्यावर अर्ध्या व्होल्टच्या आसपास. या आकड्याचे अंशांत रूपांतर ईसीयूच्या स्मृतीतल्या कोष्टकावरून होते.

रोध आणि तापमान यांच्या या वक्राकार नात्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. कनेक्टरवर हिरवट गंज चढून वाटेत 300 ओहमचा फालतू रोध आला असे समजा. थंड इंजिनावर 2,500 चे 2,800 होतात. ईसीयूच्या हिशेबात दोन-तीन अंशांचा फरक, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण 80 अंशांवर 320 चे 620 होतात आणि ईसीयूला वाटते की पाणी जेमतेम 60 अंश आहे. म्हणजे सकाळी शहाणी असलेली गाडी तापल्यावर बिघडते. खाऱ्या हवेच्या कोकणपट्टीत सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर उघडून पाहावा, तो यासाठी.

इंजिन थंड असते तेव्हा पेट्रोलचे नीट बाष्प होत नाही, म्हणून मिश्रणात जास्त इंधन लागते. कार्ब्युरेटरच्या काळात हे काम चोक ओढून माणूस करत असे. आता ते कूलंटच्या थर्मिस्टरच्या सांगण्यावरून होते. इंधनाची मात्रा, ठिणगीची वेळ, आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) आणि रेडिएटरचा पंखा कधी फिरवायचा, हे सारे ठरवताना त्याचा शब्द विचारात घेतला जातो. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 हे धूर-प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटरऐवजी इंधनाचे इंजेक्शन आले आणि हवेने थंड होणाऱ्या साध्या मोटरसायकलच्या इंजिनावरही असा सेन्सर बसला.

तार तुटली तर रोध अनंत होतो, ईसीयूला पूर्ण 5 व्होल्ट दिसतात आणि त्याच्या कोष्टकात त्याचा अर्थ उणे 40 अंश. तारा एकमेकींना चिकटल्या तर उलट, भट्टीसारखी उष्णता. भर मे महिन्यात उणे 40 दिसले तर काय बिघडले हे सांगायला स्कॅनरही लागू नये, पण तो पी0118 हा कोड दाखवतो. शॉर्ट झाल्यास पी0117. अशा वेळी बहुतेक गाड्या सेन्सरवर विश्वास ठेवणे सोडून एक ठरीव तापमान गृहीत धरतात आणि पंखा सतत चालू ठेवतात. गाडी सुरू केल्या केल्या पंखा घोंघावू लागला तर त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

काही वेळा दोष सेन्सरचा नसतोच. ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. मग पाणी लवकर तापत नाही, थर्मिस्टर इमानदारीने ‘थंड आहे’ असे सांगतो, ईसीयू इंधन वाढवतो आणि ॲव्हरेज पडते. शेवटी बदलला जातो तो बिचारा सेन्सर. याहून घातक प्रकार कूलंट गळण्याचा. थर्मिस्टरला बुडवणारे पाणीच उरले नाही तर तो हवेत लोंबकळतो आणि इंजिनाचे हेड तापत असताना डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खाली येऊ शकतो. घाटात वर गेलेला काटा अचानक उतरला तर सुटकेचा निःश्वास टाकू नये; गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्यावी आणि मगच रेडिएटरमध्ये पाहावे. शिवाय अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात तो हलतच नाही.

आत येणाऱ्या हवेचा थर्मिस्टर लहान आणि बारीक असतो, कारण हवेतला बदल झटकन कळायला हवा. थंड हवा दाट असते, त्यामुळे तिच्यासाठी इंधनही जास्त लागते. एसीच्या इव्हॅपरेटरवरचा (हवा थंड करणाऱ्या जाळीवरचा) सेन्सर तिथे बर्फ धरण्याआधी कॉम्प्रेसर बंद करवतो. बंपरच्या मागे बसवलेला बाहेरच्या हवेचा सेन्सर सिग्नलला उभ्या गाडीत तापलेल्या डांबराचे आणि रेडिएटरचे तापमान वाचू लागतो, म्हणून अनेक गाड्यांत वेग आल्यावरच नवा आकडा मान्य होतो. सायलेन्सरकडच्या शेकडो अंशांना साधा थर्मिस्टर टिकत नाही. तिथे प्लॅटिनमचे किंवा खास सिरॅमिकचे सेन्सर लागतात.

तापमान मोजण्याशी संबंध नसलेला एक उपयोग मला सर्वांत हुशार वाटतो. अनेक गाड्यांत पेट्रोल संपत आल्याचा दिवा थर्मिस्टरवर चाले. टाकीत तळाजवळ बसवलेला थर्मिस्टर इंधनात बुडालेला असेपर्यंत त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाची उष्णता इंधन ओढून घेते, तो थंड राहतो आणि दिवा बंद. पातळी खाली गेली की तो उघडा पडतो, स्वतःच्याच प्रवाहाने तापतो, रोध घटतो आणि दिवा पेटतो. तापायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे खड्ड्यांत इंधन हिंदकळले तरी दिवा लुकलुकत नाही.

विद्युत वाहनांत थर्मिस्टरची जबाबदारी आणखी वाढली आहे. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली जोरात चार्ज केली तर ऋणाग्रावर लिथियमचा थर चढतो. फार तापली तर एका सेलची आग शेजारच्या सेलला लागू शकते. प्रत्येक सेलला सेन्सर देणे परवडत नाही, म्हणून पॅकमधल्या निवडक जागी, बहुधा 25 अंशांना 10,000 ओहम असलेले थर्मिस्टर चिकटवतात. ते कुठे चिकटवायचे, यात रचनाकाराची परीक्षा असते. सेन्सरपासून दूरचा सेल तापला तर बातमी उशिरा पोचते. 2022 मध्ये विद्युत दुचाकींना आगी लागल्यानंतर बॅटरी-सुरक्षेचे एआयएस-156 हे मानक कडक करण्यात आले. मोटरच्या गुंडाळीतही थर्मिस्टर असतो. चढावर ती तापली की नियंत्रक ताकद कमी करतो आणि चालकाला वाटते चार्जिंग संपत आले.

थर्मिस्टर तपासायला मल्टिमीटर, थर्मामीटर आणि गरम पाण्याचे भांडे पुरते. सेन्सर पाण्यात बुडवून पाणी निवत जाताना रोध वाचत जावा. आकडा सावकाश, न अडखळता चढला पाहिजे. मध्येच उडी मारली तर आत तडा किंवा लूज कॉन्टॅक्ट आहे. जुन्या एकतारी सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळते, त्यामुळे गळती थांबवायला टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळली तर अर्थिंग तुटू शकते. नवा घेताना आटे जुळले म्हणून भागत नाही: दिसायला सारख्या दोन सेन्सरांचे वक्र वेगळे असू शकतात, आणि ईसीयूकडे कोष्टक एकाच वक्राचे असते.